नन्नूचा हिरवा

मंगळवार, १४ मे १९९६

शनिवारच्या पानावर मी चूक लिहिली आहे. खोडत नाही. नन्नू, माझा आजा, म्हणायचा, खोडलेल्या ओळीकडेच आधी नजर जाते. म्हणून दुरुस्ती इथे.

मी लिहिलंय — "चेन्सूकाकाने चाळणी धुतली नव्हती म्हणून हिरवे तारे पिवळे जळले." मी हे पाहिलेलं नाही! चाळणीकडे माझं लक्षसुद्धा नव्हतं. आतषबाजीच्या खोलीचा कारभारी विस्तीन म्हणाला, "म्हाताऱ्याने चाळणी धुतली नसेल," आणि घरी येऊन दिवा लावेपर्यंत माझ्या डोक्यात ते पक्कं झालं. दिवसाला चारशे जीन्सच्या शिवणी तपासते मी, एक टाका सुटला तर माल परत पाठवते. आणि इथे एका माणसावर ठपका ठेवताना एवढंही बघितलं नाही.

पाहिलं ते एवढंच : परातीत वळलेले दारूचे तीन तारे उडवले. तिन्ही अडखळले. पेटले, विझल्यासारखे झाले, पुन्हा पेटले. आणि रंग हिरवा नव्हता. लिंबाचा होता. फळवाल्याकडे आठवडाभर पडून राहिलेल्या लिंबाचा.

फेस्ता, आपल्या सान रोक्कूचा सण, १८ ऑगस्टला. नन्नूच्या नावाने आभाळात फोडायचा गोळा अजून व्हायचाय. खोलीचा रिवाज असा की गेलेल्या माणसाचा गोळा त्याच्या हाताखाली शिकलेल्यानेच करायचा, आणि त्याच्याच रंगाचा. नन्नूचा रंग हिरवा. त्याच्या हाताखाली शिकलेली मी एकटी. लायसन्स मिळालं या जानेवारीत — म्हणजे नन्नू दोन वर्षं माझ्यासाठी थांबलाय.

बुधवार, १५ मे

चाळणी पाहिली. स्वच्छ आहे. पण आज स्वच्छ आहे यावरून तेव्हाचं काय कळणार?

शनिवार, १८ मे

सकाळी खोलीवर. खरनूबच्या झाडाखालच्या दगडावर सगळ्यांनी खिसे रिकामे केले — काड्यापेट्या, चिल्लर, साल्वूचा कंगवा. साल्वूला केस नाहीत, पण कंगवा असतो. मग चेन्सूकाकाने किल्ली फिरवली आणि दाराजवळच्या तांब्याच्या पट्टीवर तळवा टेकला.

"टेक, पोरी, अंगातली वीज जाऊ दे. एक्केचाळीस वर्षं टेकतोय, म्हणून अजून टेकायला हात आहे."

ताटातला एक तारा बोरूच्या पातीने हलकेच चिरला. बाहेर कडक साल, आत काळपट ओला गर! अडखळण्याचं कारण सापडलं, आणि ते कारण मीच. एप्रिलमध्ये घाई केली. ताटं वाऱ्याच्या तोंडाला ठेवली. वरची साल आधी वाळली, आतली ओल आतच कोंडली गेली.

चेन्सूकाकाने अर्धुक उचलून डोळ्यांजवळ नेलं. "बाहेरून शहाणा, आतून रडका. आपल्या साल्वूसारखा."

"मी बाहेरूनही शहाणा नाही, काका! उगाच बदनामी नको."

ताटं आतल्या खोलीत, सावलीत ठेवली. दोन आठवडे हात लावायचा नाही. पुढच्या वेळी थर पातळ द्यायचे आणि प्रत्येक थराला विसावा द्यायचा. नन्नू हेच सांगायचा. मला आठवत होतं. तरी घाई केली.

निघताना काकाने माझ्या पाण्याच्या बाटलीत बोट बुडवून जिभेला लावलं. मी विचारलं, काय? म्हणाला, "काही नाही. तहान लागली." बोटभर पाण्याने तहान भागते होय! म्हातारपणी माणूस काहीही करतो.

घरी आल्यावर नन्नूच्या स्वयंपाकघराची फार आठवण आली. तेव्हा मुलींना खोलीच्या वाटेवरसुद्धा जाऊ देत नसत. मी नऊ वर्षांची. नन्नूने निळ्या काठाची एनॅमलची परात काढली, मूठभर मसूर टाकले. "हे तुझ्या ताऱ्यांचं बी." एका हाताने पाणी शिंपडायचं, वरून पीठ भुरभुरायचं आणि परात फिरवायची. मसुराचा वाटाणा व्हायचा, वाटाण्याचा हरभरा, हरभऱ्याचं ऑलिव्ह. "मनगट फिरव, कोपर नको. कान दे. गोल झाले की आवाज बदलतो." खरंच बदलायचा! वेडेवाकडे असताना खडखड, गोल झाले की नुसती सळसळ, सरीसारखी. आई ओरडायची, सगळी फरशी पिठाने पांढरी. मग शुक्रवारच्या सूपमध्ये माझे तारे पडायचे. नन्नू एकेक चमच्यात घेऊन विचारायचा, "हा कुठला रंग, लिबे?" मी म्हणायची, हिरवा. सगळेच हिरवे असायचे.

रविवार, २ जून

आजच लिहिते. उद्या लिहिलं तर नको ते शहाणपण त्यात मिसळेल.

तिन्हीसांजेला शेतात चाचणी. अडखळणं गेलं! एका दमात वर गेले, एका दमात जळले. आणि पिवळे. सहाच्या सहा ताटांतले. पलीकडच्या, दुसऱ्या संताच्या बँड क्लबची माणसं बांधावर बसली होती. त्यांच्यातला एक ओरडला, "काय हो, सान रोक्कूला कावीळ झाली का?" सगळे हसले. आपल्यातलेही एकदोन. साल्वूने नाही म्हणायला उत्तर दिलं, "तुमच्या संताला निदान डॉक्टर तरी दाखवा, गेल्या वर्षी चढलाच नाही वर!" पण त्यात जोर नव्हता.

मग विस्तीनने काकाला बाजूला नेलं. बाजूला म्हणजे चार पावलं. सगळ्यांना ऐकू येत होतं.

"काका, तुमचे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत. हात कापतो. चाळताना कशात काय मिसळलं कुणास ठाऊक. आज रंग गेला, उद्या कुणाचा जीव जाईल."

"चाळणी मी धुतो, विस्तीन."

"धुतही असाल. पण आपल्या क्लबात बसून कागदाची नळकांडी वळा. सावली आहे, पंखा आहे."

काका म्हणाला, पाच मिनिटं आत जाऊन येतो, ताटांचा निरोप घ्यायचाय. एकटाच आत गेला. कुणी मागे गेलं नाही. बाहेर आला, खिशातून किल्ली काढली, कंगवा आणि काड्यापेट्यांच्या शेजारी दगडावर ठेवली. इतकी वर्षं खिशात घासून तिचे दात गुळगुळीत झालेत.

परतताना विस्तीन मला म्हणाला, "नशीब, तुझी चूक नव्हती. नाहीतर कमिटीतले दोघं-तिघं टपलेलेच आहेत — बाई घेतली, भोगा! तुझ्यासाठी चेन्सूच भांडला होता गेल्या वर्षी, माहीत आहे ना?"

माहीत आहे.

मंगळवार, ४ जून

कारखान्यातून येताना क्लबात डोकावले. काका पंख्याखाली नळकांडी वळतोय. शेजारी चहाचा ग्लास, तसाच. मला पाहून एक नळकांडं डोळ्याला लावलं, दुर्बिणीसारखं. मी हसले. बाहेर आल्यावर रडू आलं.

रविवार, ९ जून

आई खिडकीतल्या पुदिन्यावरून चिडली. पानांच्या कडा जळल्यासारख्या झाल्यात. कुंडीच्या काठाला पांढरा थर.

"नळाचं पाणी घातलंस ना? अर्धा समुद्र असतो तो! कॉफीसुद्धा खारट लागते. बादली पावसाच्या पाण्याच्या टाक्यात पडली तेव्हापासून सांगतेय, कुणीतरी काढा."

मी कुंडीच्या काठावरून बोट फिरवलं आणि तिथेच उभी राहिले. असा पांढरा थर मी पाहिलाय. खोलीवरच्या परातीच्या कडेला, पाणी शिंपडताना थेंब उडतात तिथे. मला वाटलं होतं, मिश्रणाची भुकटी असेल.

बादली नोव्हेंबरात पडली. दोर तुटला. त्या शनिवारी बस चुकत होती, म्हणून बाटली नळाखाली धरली. आजच्यापुरतं, असं स्वतःला म्हटल्याचंही आठवतंय. पुढच्या शनिवारीही बादली आतच होती. मग पाणी म्हणजे पाणी झालं. आणि हिरवा तारा थराथराने वाढतो — दर थराला पाणी, दर थराला मीठ. लाल ताऱ्याला थोडं खारं सोसतं. हिरव्याला कणभरही सोसत नाही. मीठ म्हणजे पिवळं.

खोलीवर पाणी आणायचं काम एकटं माझं.

मंगळवार, ११ जून

खोलीतली नोंदवही उघडली. जानेवारी ते एप्रिल, सहा ताटं. सहा वेळा, माझ्या अक्षरात : "पाणी — टाक्याचं. लिबे."

मी खोटं लिहिलं का? लिहिताना खोटं वाटलं नव्हतं. नन्नूच्या वह्यांत त्या जागी नेहमी हेच असतं. त्याचं पाहून मी तेच लिहीत गेले, हात आपोआप चालला. आपोआप लिहिलेलं खोटं हे कमी खोटं असतं का? नसतं. विस्तीनने हीच वही बघून पाण्यावर शंका घेतली नाही. चाळणीवर घेतली.

गुरुवार, १३ जून

गच्चीवर दोन बश्या ठेवल्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत शेजारच्या मार्जरीतबाईंच्या टाक्यातलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही सुकल्या. एक स्वच्छ. दुसरीत पांढरं कडं. आता "कदाचित" म्हणायला जागा नाही.

शनिवार, १५ जून

पापकबुलीला गेले. फादरने जाळीपलीकडून सगळं ऐकलं. म्हणाले, "पाणी आणि मीठ हे काही पाप नव्हे, मुली. पण ज्याचं नुकसान झालं, त्याला सांगितलंस का?"

प्रायश्चित्त म्हणून तीन प्रार्थना दिल्या. त्या लगेच म्हणून टाकल्या. तेवढं सोपं होतं.

रविवार, २३ जून

काकाच्या घरी गेले. सांगायचं ठरवून गेले. वाटेत वाक्य पाठ केलं होतं.

काका दारातच खुर्ची टाकून बसला होता. पास्तीत्सी मागवल्या, गरम, चीज घातलेल्या. नन्नूच्या गोष्टी निघाल्या. नन्नूने पहिला हिरवा कसा काढला — तीन वर्षं फिका, दुधाळ, आणि मग एका वर्षी एकदम समुद्राच्या तळासारखा हिरवा. त्या रात्री नन्नू चर्चच्या पायरीवर बसून रडला म्हणे. "आणि मी म्हटलं, ग्रेत्स्यू, लेका, लोक वर बघतायत म्हणून बरं." काका सांगताना हसत होता आणि डोळे पुसत होता.

मग मध्येच, सहज विचारावं तसं विचारलं, "पाणी कुठलं न्यायचीस गं तू?"

आणि मी म्हटलं, "टाक्याचं."

तोंडातून असं निघालं, जसं वहीत हात चालतो. पाठ केलेलं वाक्य जिभेवर तयार होतं! काकाने माझ्याकडे पाहिलं. मग ताट पुढे सरकवलं. "मग झालं तर. घे, गार होतील."

खाल्ल्या. सगळ्या खाल्ल्या.

शनिवार, २९ जून

सणाची सुट्टी. सगळं गाव सशाचं कालवण खायला बाहेर. मी घरी राहून टाक्यात गळ सोडला. बादली अकराव्या खेपेला लागली. आत नोव्हेंबरपासूनचं पाणी, बर्फासारखं गार, तळाला एक अंजिराचं पान. बाटली भरली. जिभेला लावून पाहिलं. काहीच चव नाही.

आई विचारत होती, आजच कसं सुचलं?

शनिवार, ६ जुलै

नवा माल आला. नवी चाळणी, चाळायला साल्वू. जुनं चाळलेलं सगळं विस्तीनने बाजूला काढलं. मी वळले. पातळ थर, प्रत्येकाला विसावा. टाक्याचं पाणी. वहीत "टाक्याचं" लिहिताना हात थांबला. या वेळी खरं होतं, तरी.

परातीचा आवाज बदलला तेव्हा सवयीने मागे वळून पाहिलं. तिथे काका उभा राहायचा, मान हलवायला.

रविवार, २१ जुलै

हिरवा आला.

वर गेला तेव्हाच कळलं. नन्नूचाच. माझ्या लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेला. घरांच्या भिंती, बायकांचे चेहरे, आईस्क्रीमच्या गाडीचं छत, सगळं क्षणभर पाण्याखाली गेल्यासारखं करणारा. मला तेव्हा वाटायचं, नन्नूने आभाळात टाकं खोदलंय आणि आपण सगळे त्याच्या तळाशी उभे आहोत. एका म्हातारीने क्रुसाची खूण केली. "ग्रेत्स्यू आला बघा," म्हणाली.

आणि मग साल्वू हसत ओरडला, "बघा! चेन्सू गेला आणि हिरवा आला!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या मनात वाईट नव्हतं. साल्वूच्या मनात कधीच काही नसतं. पण ते वाक्य तासाभरात क्लबात पोचलं असणार. पंख्याखाली.

मी नीट करायला गेले आणि त्याच्यावरचा आरोप मीच सिद्ध करून आले. मला बोलता आलं असतं. सगळे तिथेच होते. विस्तीनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "रविवारी, अठ्ठावीसला, चर्चमधल्या नऊच्या मिस्सानंतर सगळे खोलीवर जमा. चेन्सूची किल्ली आता हिच्याकडे. बाई म्हणून नाही — ग्रेत्स्यूची नात म्हणून!"

मी "थँक्यू" म्हटलं. हे मी म्हटलं. लिहून ठेवते.

सोमवार, २२ जुलै

कारखान्यात अकरा जीन्स परत पाठवल्या. मुकादम म्हणाली, "बाई गं, यात काही चूक नाहीये!"

मंगळवार, २३ जुलै

बोलले तर काय होईल, ते मांडून पाहते. लायसन्सवर चौकशी. कमिटीतले ते दोघं-तिघं. खोलीत पुन्हा बाई नाही — माझ्यानंतर येणारी कुणीही नाही. नन्नूचा गोळा अर्धा भरलाय, तो कोण पुरा करणार?

न बोलले तर? गोळा सुंदर फुटेल. आणि काका खाली गर्दीत उभा राहून वर बघेल.

गुरुवार, २५ जुलै

पिवळ्या ताटांचा निकाल लावायला आज मला पाठवलं. प्रत्येक ताटाखाली एक चिठ्ठी असते — चाळणी कोणाची, वळणं कोणाचं, पाणी कोणाचं. वहीत उतरवलं की ती कोणी पुन्हा वाचत नाही. मी वाचली, कारण मी प्रत्येक गोष्ट दोनदा वाचते.

"पाणी — लिबे." माझं नाव एका सरळ रेघेने खोडलेलं, आणि पुढे कापऱ्या हाताने : "चेन्सू." सहाच्या सहा चिठ्ठ्यांवर.

ताटांचा निरोप घ्यायची ती पाच मिनिटं. जिभेला लावलेलं ते बोट.

त्याला सगळं माहीत होतं. तरी मला विचारलं, आणि मी पास्तीत्सी खात राहिले.

रविवारी, २८ जुलैला, नऊच्या मिस्सानंतर. खोलीच्या दारात, सहा चिठ्ठ्या हातात घेऊन, किल्ली माझ्या हातात पडायच्या आधी बोलायचं.